दोन फुटांत पांझरा

उज्ज्वलाला दवाखान्यातून घरी नेताना डॉक्टरांनी गजेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच सांभाळा. पोटातला आजार हाताबाहेर गेला होता. तीस वर्षं कापडाच्या लूमवर काढलेल्या गजेंद्रने सुट्टी घेतली आणि कोसाडच्या घरात तिची खाट खिडकीशी लावली. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे पाइप तेवढे दिसायचे. दोन दिवस ती तेच बघत पडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "एकदा पांझरा बघायची होती."

तिचं माहेर साक्रीकडचं, पांझरा नदीच्या काठचं. कोसाडहून तेवढा प्रवास तिला झेपणार नव्हता.

गजेंद्र माशांच्या दुकानात गेला. दुकानदार अमोलने रंगीत खडे, प्लास्टिकचा किल्ला पुढे केला. "तसलं नको," गजेंद्र म्हणाला, "नदीसारखं पाहिजे." मग अमोलने दोन फुटी काचेची टाकी दिली आणि नीट समजावलं. वाळू मागे उंच, पुढे उतरती. झाडं मागच्या कोपऱ्यात, पुढे मोकळं पाणी. "आणि काका, महिनाभर पाणी मुरू द्या. कच्च्या पाण्यात मासे सोडले तर त्यांचीच घाण त्यांना मारते."

गजेंद्रने वाळू बादलीत घोळून घोळून धुतली, दगड घासले, बाभळीचं मूळ भिजत घातलं. मांडणी मात्र खाटेवरून उज्ज्वलाने केली.

"तो दगड आडवा करा. नदीत असा उभा राहतो का दगड? आणि मूळ जरा डावीकडं. त्याच्या सावलीत बारीक मासे बसतात, माले माहीत शे."

त्याने तीनदा मूळ हलवलं. ती हसली आणि हसताना पोट धरलं.

टाकीत पाणी भरल्याच्या बाराव्या दिवशी तिने विचारलं, "अजून किती दिवस?"

"अठरा."

तिने टाकीतल्या रिकाम्या पाण्याकडे बघितलं. गजेंद्र उठला, दुकानात गेला आणि पिशवीत सहा मासे घेऊन आला.

"चार मेले तर मेले. तू बघ तरी."

तिने ती पिशवी दोन्ही हातांत धरली. बराच वेळ बघितली. बोट लावलं की मासे तिकडे वळत होते. मग म्हणाली, "परत देऊन या. माझ्यापायी कशाला मारता?"

तो देऊन आला.

विसाव्या दिवशी सकाळी तो चहा करत असतानाच ती गेली.

महिना भरला तसं त्याने सहा मासे आणून सोडले. एकही मेला नाही. चलथाणहून मुलगी धनश्रीचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, "मी मासे आणले त्याच दिवशी सोडायला पाहिजे होते."

"पप्पा, आईच नको म्हणाली होती ना."

"ती म्हणणारच," गजेंद्र म्हणाला. "मी ऐकायला नको होतं."

धनश्रीने जेवणाचं विचारलं. तो जेवलो म्हणाला, पण जेवला नव्हता.