मी आबांच्या पेटीचा मध्यम बिघडवला

गगनबावड्याच्या स्टँडवर आबांनी पेटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वर टाकू नगोस, दणक्यानं भाता फाटंल." मी इंजिनिअरिंगला कोल्हापूरला निघाले होते. आई खिडकीखाली उभी राहून सारखं काहीतरी बजावत होती, पण माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. "येतो," एवढंच मी म्हणाले आणि एसटी हलली.

आबा, म्हणजे माझे वडील, आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. गावात पेटी एकच. ती माझ्याबरोबर आली आणि मंडळ नुसत्या टाळ-पखवाजावर बसायला लागलं. गावातल्या कुणीच मला ते बोलून दाखवलं नाही. मला मात्र त्याची फार धास्ती होती.

तशी धास्ती कशाची नव्हती म्हणा! सर इंग्रजीत शंका विचारायला सांगायचे, तेव्हा मी बाकाखाली वाकून पडलेलं पेन शोधायचे. लॅबमध्ये प्रोग्रॅम चालला नाही की वाटायचं, आता आपल्याला घरी पाठवतात. रूमवर आले की अर्धा तास पेटी, मग असाइनमेंट, आणि रविवारी रंकाळ्यावर पेन्सिलीनं चित्रं. पेटी वाजवताना तेवढी छातीतली धडधड थांबायची. माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या वर्षी ध्वनीच्या लहरी मोजायला शिकले आणि मला शहाणपण सुचलं. सूर मोजायचं एक ॲप मोबाईलवर घेतलं. पेटीचा मध्यम दाबला, तर लाल दिवा. उतरलाय की! म्हटलं, मग शिकतोय कशाला? पेटी उघडली आणि मध्यमाची आतली पितळी पट्टी हिरवा दिवा लागेपर्यंत कानशीनं टोकाला घासली. मग भजन वाजवायला घेतलं, तर मध्यम आला की कानाला टोचायचा. घाबरून बाकीचे सूर मोजले. सगळेच लाल! अख्खी पेटीच मोबाईलपेक्षा जराशी खाली लावलेली होती, आपापसात अगदी बरोबर. मी तेवढ्या एकट्या मध्यमाला वर चढवून ठेवलं होतं. घासलेलं पितळ काही परत येत नाही.

तेवढ्यात आबांचा फोन. "सप्त्याला पेटी लागतीया. रविवारी न्यायला येतो." चार दिवस एकच वाटत होतं, पेटी जाणार ती कायमची, परत काही माझ्या हातात येत नाही.

आबा आले, पाणी प्यायले, पेटी पुढ्यात ओढली. मी दाराला टेकून उभी होते. मध्यम वाजला आणि आबा थांबले. परत दाबून बघितला.

"कुणी घासलं हे?"

"मीच. मोबाईल लाल दाखवत हुता." मी रडायलाच लागले. "चुकलो आबा. शपथ घेतो, जन्मात परत पेटीला हात लावणार न्हाय."

तोवर शांत असलेले आबा शपथ ऐकून भडकले. "हात लावणार न्हाय? मग शिकणार कशी गं? ह्याच पेटीचं दोन सूर मी मोडल्यात. तुझा आज्जा मरस्तवर त्याला कळू दिलं न्हाय, एवढा भ्यालतो!"

त्यांनी पेटी उघडली आणि कानस माझ्याच हातात दिली. "आता बुडाशी घास. सूर खाली येतोय. दमानं."

"मोडंल की, आबा."

"मोडू दे."

फॉर्मवर घराचा पत्ता मी अजून गगनबावड्याचाच लिहिते. पण खरं सांगू? कोल्हापुरात मी पहिल्यांदा घरी होते ती त्या भाड्याच्या खोलीत, त्या दुपारी. भीती कुठंही गेली नव्हती. मी दमानं बुडाशी घासत होते, आणि शेजारी आबा श्वास रोखून बसले होते, माझ्याइतकेच घाबरलेले.