आणि एक तुझ्यासाठी

फ्लीटवुडच्या मासळीधक्क्यामागे ‘पेलिकन’ नावाचा पब आहे. त्याच्या काउंटरमागे बेरिल टॉपिंगने उभा जन्म काढला. दारुड्यांना कॉलर धरून बाहेर काढलं, नवऱ्याला पुरलं, दोन्ही गुडघ्यांची वाट लावून घेतली. पण तिच्या हातावर कुणी सुट्टे पैसे टेकवलेत असं कधी झालं नाही. टेकवले असते तर तिने ते त्याच्याच बिअरमध्ये बुडवून दिले असते.

आमच्याकडे पबात बक्षिशी देत नाहीत. गिऱ्हाईक आपला ग्लास सांगतं आणि वर म्हणतं, ‘आणि एक तुझ्यासाठी.’ मग काउंटरवरची बाई एका ग्लासाचे पैसे जास्त कापून घेते. प्यावंसं वाटलं तर पिते, नाहीतर ते पैसे मागच्या बरणीत टाकते आणि रविवारी पिते. संपलं. देणारा वर चढत नाही, घेणारी खाली उतरत नाही. बेरिलच्या मते माणुसकी म्हणतात ती एवढीच, आणि हे ज्याला कळत नाही त्याने चर्चची पायरी झिजवून काही उपयोग नाही.

गुडघ्यांनी अगदीच दगा दिला तेव्हा तिने पब भाचीच्या हवाली केला. मग धाकटी बहीण मार्जोरी मागे लागली, की आता तरी चल, जहाजाने नॉर्वे बघून येऊ. बेरिल तयार झाली, पण मार्जोरीबरोबर मार्जोरीचा नवरा येणार हे ती विसरली होती.

हा क्लिफर्ड. घरकर्जाच्या कचेरीतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला आणि चमडी गेली तरी दमडी न सोडणारा. लिव्हरपूलचा धक्का मागे पडायच्या आत त्याने जहाजाची सगळी नियमावली वाचून काढली होती. तिच्यात त्याला खजिना सापडला. प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर रोजचा सर्व्हिस चार्ज चढतो, तो वेटर, बारवाले, खोल्या झाडणारे यांच्यात वाटला जातो. पण रिसेप्शनवर जाऊन सांगितलं तर तो काढूनही मिळतो.

“नोकरांचा पगार कंपनीने द्यायचा. मी का द्यावा?” क्लिफर्ड जेवणाच्या टेबलावर म्हणाला. “हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तुझं तत्त्व नेमकं खिशापाशी आल्यावरच कसं रे जागं होतं?” बेरिल म्हणाली. “एरवी तर घोरत असतं.”

मार्जोरीने घाईघाईने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

पहिल्याच संध्याकाळी बारमध्ये आर्नेल भेटला. फिलिपिन्सचा, इलोइलो गावचा, तिशीतला, हसरा आणि काम करताना एक हालचाल फुकट न घालवणारा. तो बाटली कशी धरतो, ग्लास कसा पुसतो, एकाचं ऐकताना दुसऱ्याकडे कसं लक्ष ठेवतो हे बेरिलने क्षणात हेरलं. हा आपल्या धंद्यातला माणूस! तिला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

त्याने सहीसाठी पावती पुढे केली. जहाजावर रोख चालत नाही, सगळं खात्यावर. पावतीच्या तळाशी एक रिकामी ओळ होती: वरखुशीने आणखी काही द्यायचं असल्यास इथे लिहा.

“हे काय? भिकाऱ्याची थाळी?” बेरिलने त्या ओळीवर आडवी रेघ मारली. “कागदावर आकडा लिहून माणसाला देतात होय? ऐक पोरा, माझी अर्धा पाइंट बिटर बिअर, आणि एक तुझ्यासाठी.”

आर्नेल क्षणभर थबकला. मग हसला. “थँक्यू, मॅम बेरिल. नंतर घेईन.”

“मॅम नको, नुसतं बेरिल.”

“हो, मॅम बेरिल.”

मग रोजचा हाच परिपाठ ठरून गेला. बेरिल उंच स्टुलावर गुडघे सांभाळत बसायची आणि आर्नेलला धंद्याच्या खुब्या सांगायची. कारण त्याचा भाऊ तिकडे इलोइलोच्या जेटीपाशी जागा बघत होता, दोघांना मिळून स्वतःचा बार काढायचा होता. ही सफर नीट पार पडली की आर्नेल मुख्य बारमन होणार होता. त्या पगारावर थोडी वर्षं काढली की जहाजाला कायमचा रामराम. बेरिलने त्याला सांगितलं, खुर्च्या मऊ ठेवू नकोस, लोक बसून राहतात आणि पीत नाहीत. उधारीची पाटी लावू नकोस, पाटी दिसली की लोकांना उधारीची आठवण होते. आणि पैशाची बरणी गिऱ्हाइकाला दिसेल अशी ठेव, पण हाताला लागेल अशी नको. आर्नेल ग्लास पुसत सगळं मन लावून ऐकायचा.

बाकी त्या बारमध्ये जमणारा गोतावळा म्हणजे काय सांगावं! स्टॉकपोर्टच्या एका बांधकामवाल्याने पहिल्या दिवशी आर्नेलच्या खिशात दहाची नोट कोंबली आणि त्या नोटेच्या जोरावर आठवडाभर चुटक्या वाजवून त्याला कुत्र्यासारखं बोलावलं. दोन बहिणी होत्या, त्या त्याच्या गळ्यात पडून फोटो काढायच्या, ‘तू तर आमच्या घरचाच’ म्हणायच्या आणि खाली जाऊन सर्व्हिस चार्ज काढून यायच्या. घरच्या माणसाला पैसे कसे द्यायचे, नाही का! एक निवृत्त हेडमास्तर ‘शेवटच्या दिवशी तुझं बघतो’ म्हणत होता. त्याचा शेवटचा दिवस बहुधा कयामतीला उगवणार होता. बेरिल हे सगळं बघायची आणि नाक मुरडायची. यांच्यात एक माणूस माणसाला माणूस समजत नाही, आपण तेवढ्या समजतो, अशी तिची पक्की खात्री होती.

बर्गन बंदर यायच्या आदल्या दुपारी क्लिफर्ड चहा पिता पिता तिच्या पावत्या चाळत बसला होता. दुसऱ्याचा हिशेब बघायची खोड हाडात मुरलेली.

“बेरिल, यात तुझेच ग्लास आहेत.”

“मग कुणाचे असणार?”

“तू रोज गर्जना करतेस ना, ‘आणि एक तुझ्यासाठी’? तो एक कुठे आहे?” त्याने पावत्या टेबलावर पत्त्यांसारख्या पसरल्या. “वा! तोंडाने द्यायचं आणि खिशातून जायचं नाही. मी उगाच रिसेप्शनच्या रांगेत उभा राहिलो. मेव्हणी माझ्याहून सवाई निघाली!”

बेरिलचं तोंड लाल झालं. सही करताना तिने आकडा कधी वाचलाच नव्हता. खरंच, आर्नेलने एकदाही तिच्या खात्यावर दुसरा ग्लास चढवला नव्हता. म्हणजे रोज हसून ‘नंतर घेईन’ म्हणाला आणि घेतलाच नाही! आमच्या फ्लीटवुडमध्ये देऊ केलेला ग्लास नाकारला तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. तिला वाटलं, त्या पोराने आपल्याला चुटक्या वाजवणाऱ्यांच्या आणि गळ्यात पडणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. आणि क्लिफर्डकडून ऐकून घ्यावं लागलं! या दोन्हींतलं जास्त काय झोंबलं, ते तिचं तिलाच माहीत.

संध्याकाळी बार गच्च भरला होता. बेरिल तरातरा काउंटरपाशी गेली, गुडघ्यांची पर्वा न करता.

“अर्धा पाइंट बिटर. आणि एक रम. दोन्ही माझ्या खात्यावर, आधी पावती दाखव.”

आर्नेलने दोन्ही ग्लास भरले, पावती दिली. तिने सही केली, खालच्या ओळीवर नेहमीसारखी रेघ मारली, आणि रमचा ग्लास त्याच्याकडे ढकलला.

“आता पी. माझ्यासमोर.”

“मॅम बेरिल, आम्हाला कामावर…”

“एका घोटाने काय आभाळ कोसळतंय? मी जन्मभर कामावर प्यायले, माझं काय वाकडं झालं? का माझ्याबरोबर प्यायची लाज वाटते तुला?”

“लाज नाही, मॅम. खरंच नाही.”

“मग?”

आजूबाजूचे वळून बघायला लागले. चुटकीवाल्या बांधकामवाल्याला तर आयतीच करमणूक मिळाली. त्याने टेबलावर थाप मारून ‘पी! पी!’ सुरू केलं आणि त्या दोन बहिणींनी टाळ्यांचा ठेका धरला. सुट्टीवर आलेल्या माणसांना दुसऱ्याची अडचण फार गोड लागते. आर्नेलने एकदा खांद्यावरून मागे पाहिलं. मग ग्लास उचलला, ओठांना लावला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. बारमध्ये एकच जल्लोष झाला. बेरिलने मान वळवून क्लिफर्डकडे असं पाहिलं, जसं काही तिने ट्राफल्गारची लढाई जिंकली होती.

सकाळी बर्गन आलं. कॉफी घ्यायला बेरिल बारपाशी गेली तर तिथे जोसी नावाची एक बारीकशी मुलगी उभी होती.

“आर्नेल कुठाय?”

जोसीने आधी आजूबाजूला पाहिलं. “तो इथे उतरतोय, मॅम. काल तो टाळ्यांचा आवाज ऐकून सुपरवायझर आले. त्याला नळीत फुंकायला लावलं. कामावर थेंबसुद्धा चालत नाही, मॅम. थेंब निघाला की पुढच्या बंदरावर खाली.”

“आणि मग पुन्हा कधी चढणार?”

“पुन्हा नाही, मॅम.”

बेरिल रिसेप्शनला गेली. तिथे रांग होती, आणि रांगेत क्लिफर्ड. मार्जोरीच्या खात्यावरचा चार्ज काढायचा राहून गेला होता म्हणे. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून ‘अर्थातच, सर’ म्हटलं, दोन बटणं दाबली, आणि तत्त्वाचा विजय झाला. बेरिलला मात्र ‘जरा बसा’ सांगण्यात आलं. बऱ्याच वेळाने बार मॅनेजर आला, ट्रेव्हर नावाचा, इस्त्रीदार शर्टाचा आणि इस्त्रीदारच बोलण्याचा.

“चूक माझी आहे,” बेरिल म्हणाली. “ग्लास मी घेतला, मी ढकलला, मी प्यायला लावला. शिक्षा द्यायची तर मला द्या. मला उतरवा.”

“मॅडम, आपण आमच्या पाहुण्या आहात.”

“खड्ड्यात गेली पाहुणी! तो नको म्हणत होता.”

“मग त्याने नकोवर ठाम राहायला हवं होतं. तसं शिकवतो आम्ही.”

“आणि राहिला असता, आणि मी रागाने अभिप्रायात लिहिलं असतं की हा माणूस उद्धट आहे, तर?”

ट्रेव्हरने शर्टाची बाही सारखी केली. “तर तेही आम्ही गंभीरपणे घेतलं असतं, मॅडम.”

बेरिलने त्याला जे चार शब्द ऐकवले ते फ्लीटवुडच्या धक्क्यावर चालतात, इथे लिहिण्यासारखे नाहीत. त्यांचा उपयोगही काही झाला नाही. ट्रेव्हरने तिला पुढच्या सफरीसाठी शुभेच्छा दिल्या आणि तो निघून गेला.

मार्जोरीबरोबर बाजारात जाऊन लोकरी स्वेटर घ्यायचा म्हणून बेरिलने पैसे बाजूला ठेवले होते. ते तिने जहाजाच्याच एका पाकिटात घातले आणि शिडीच्या पायथ्याशी ओल्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली. हेच पाकीट दुसऱ्या कुणी दिलं असतं तर ती म्हणाली असती, कुत्र्याला हाड टाकतात तसं टाकतोय. आर्नेल खाली आला. साधा शर्ट, एक बॅग आणि मागे एक पहारेकरी. गणवेशाशिवाय तो फारच लहान दिसत होता.

“पोरा, मी… मला माफ कर. मला ठाऊकच नव्हतं.”

“असू दे, मॅम.”

मॅम बेरिल नाही. नुसतं मॅम. तिने पाकीट पुढे केलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, न उघडता खिशात ठेवलं, आणि काउंटरमागे हसायचा अगदी तसंच हसला. त्या हसण्याचा अर्थ बेरिलला आज पहिल्यांदा लागला: गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही, तेव्हाचं ते हसणं होतं.

“तुमच्या पबात छान आहे,” तो म्हणाला. “नको असेल तर बरणीत टाकता येतं. इथे आम्हाला बरणी नसते, मॅम.”

पहारेकऱ्याने घड्याळ दाखवलं आणि त्याला धक्क्यावर उभ्या असलेल्या गाडीत बसवलं. गाडीचं दार लागलं आणि गाडी गोदामामागे वळली. बेरिल तिथेच उभी राहिली, शेवटी मार्जोरीने येऊन तिचा दंड धरला.

त्या संध्याकाळी जहाज परतीला लागलं. बारमध्ये तीच गर्दी, त्याच चुटक्या, तेच फोटो. बांधकामवाल्याला आर्नेल गेल्याचा पत्ताही नव्हता. तो जोसीलाच चुटक्या वाजवत होता. बेरिल स्टुलावर बसली. शेजारी क्लिफर्ड येऊन टेकला आणि फुकटचे शेंगदाणे तोंडात टाकत म्हणाला,

“वाईट झालं हं त्या पोराचं. पण एक बघ बेरिल, मी त्याला सबंध सफरीत एक पेनी दिली नाही. माझ्यामुळे त्याची नोकरी गेली नाही.”

आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण बेरिलने जन्मभर दुसऱ्यांसाठी वापरली होती. ‘पेलिकन’मध्ये सहा फुटी खलाशांना एका वाक्यात गप्प करणारी ही बाई, आणि आज तिने नुसती शेंगदाण्यांची वाटी त्या कवडीचुंबकापुढून लांब सरकवली. कारण तो खोटं बोलत नव्हता.

“काय देऊ, मॅम?” जोसीने विचारलं.

“अर्धा पाइंट बिटर.”

पुढचे शब्द सवयीने जिभेवर आले. जोसी तिच्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता. बेरिलने ते शब्द गिळले. पावती ओढून घेतली, सही केली, आणि रोज रेघ मारायची त्या ओळीवर आकडा लिहिला. मग पावती उलटी करून सरकवली आणि जोसीकडे न बघता आपला ग्लास उचलला.