तिसऱ्या घेऊन सिंगापूरला

सिंगापूरला लोक खरेदीला जातात. मी गोठवलेल्या तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, घेऊन गेले. मला कुणी अडवलं कसं नाही, हे अजून कळत नाही.

पीएचडीसाठी तिसऱ्यांमधलं एक प्रथिन मोजायचं होतं. अंगात तांबं, कॅडमियम वगैरे गेलं की ते धरून ठेवायला तिसरी हे प्रथिन बनवते. प्रथिन जास्त, म्हणजे खाडी घाण. निम्म्या तिसऱ्या कारखान्याजवळच्या खाडीतल्या होत्या, निम्म्या आमच्या गावच्या स्वच्छ खाडीतल्या. सिंगापूरच्या विद्यापीठात संशोधन करणारी माझी मैत्रीण अनघा, तिच्या खटपटीने यंत्र पाच दिवस मिळालं होतं.

असलं काही नेणार असाल तर परवान्याच्या चार प्रती जवळ ठेवा. विमानतळावर अधिकाऱ्याने खोका उघडला. “सीफूड ब्रिंग टू सिंगापूर? हिअर गॉट प्लेंटी, लाह!” माझा कोरडा बर्फ उडून चालला होता आणि याला विनोद सुचत होते.

टाना मेराला गाडी बदलून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, क्लेमेंटी गाठलं. अनघाची भाड्याची खोली तिथेच. राहायला हाच भाग बघा: खाली खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर, सकाळी स्वस्तात पराठ्यासारखा प्राटा आणि गोडमिट्ट कॉफी, समोर विद्यापीठाची बस. फिरण्याचं मात्र नाव नको. तीन दिवस मी तिसऱ्या वाटत आणि उकळत होते. उकळल्यावर बाकीची प्रथिनं साकळतात, हे एकटं टिकतं.

चौथ्या दिवशी आकडे आले. आमची स्वच्छ खाडी कारखान्याच्या खाडीपेक्षा घाण!

“रिपीट कर,” अनघा म्हणाली. केलं. तेच.

“गोठवण्याआधी कशात ठेवल्या होत्यास गं?”

कारखान्याजवळच्या मी स्वतः काढून लगेच गोठवल्या होत्या. गावच्या मात्र तिथे राहणाऱ्या माझ्या मामीने काढल्या आणि मी पुण्याहून पोचेपर्यंत दोन दिवस सांभाळल्या. मी तिला फोन लावला.

“तांब्याच्या घागरीत,” मामी म्हणाली. “चिंचेने घासून लख्ख केली होती हो! तुझ्या शिक्षणाचं काम, प्लास्टिकच्या बादलीत कसं ठेवू?”

म्हणजे एवढा समुद्र ओलांडून मी मामीची घागर मोजली होती. चिडून रडूच आलं. प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण गेलं, यंत्र पुन्हा कधी मिळेल कोण जाणे. शेवटच्या दिवशी लिटिल इंडियातल्या चोवीस तास उघड्या दुकानातून झाकणाचे प्लास्टिकचे डबे घेतले. तसलेच आमच्या रत्नागिरीच्या बाजारातही मिळतात.

परत आल्यावर गावी जाऊन डबे मामीपुढे आदळले आणि तांबं, तिसरी, प्रथिन, सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिला ते दहा मिनिटांत समजलं.

“मग हे आधी नाही का सांगायचंस?”

तीन वर्षं तिने विचारलं की माझं एकच उत्तर असायचं: तुला नाही कळायचं, तू फक्त नीट ठेव. तिने नीटच ठेवल्या होत्या.