माती कोणी खाल्ली?

आज महाडच्या दवाखान्यात मी भांडले. आणि बरं केलं.

शेजारी एक गरोदर पोर मान खाली घालून बसली होती. तिची सासू सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चुलीची माती खाते ही! लाज काढलीन आमची."

मला पोलादपूरकडची आमची वाडी आठवली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. धाकट्या भावाच्या वेळी आई पोटुशी होती. आधी पुरुष जेवायचे, मग आम्ही पोरं. आईला उरायची पातळ पेज. ती मातीच्या भिंतीचे पोपडे काढून खायची. वाडीनं तिचं नाव पाडलं 'मातीखाऊ'. तिच्या अंगात रक्त नाही, हे कुणी बघितलंच नाही.

मी उठले. "गो बाय, अंगात रक्त नसलं की माती खावीशी वाटते. सून जेवते कधी?"

"सगळ्यांचं झाल्यावर. रीतच हाय ती."

"मग माती तिनं नाय, तुम्ही खाल्लीत!"

पोरीनं मान वर केली.

तुमच्या घरी आज शेवटी कोण जेवलं? आणि तेव्हा टोपात काय उरलं होतं?