अव्वाचा ओटा

अख्ख्या सोलापुराची काळजी करायचं काम आमच्या समोरच्या अव्वाकडे होतं. बाकीचे आम्ही नुसते राहत होतो. मी लग्न होऊन पेठेत आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, पण अव्वाच्या जिवाला उसंत नव्हती. गिरणीचा भोंगा वाजला की तिला माझ्या नवऱ्याची काळजी, "गेला का न्हाय येळंवर?" नाही वाजला तर जास्त काळजी, "गिरणी बंद पडली काय गं?" ओट्यावर राट, म्हणजे सुताचा चरखा, मांडून ती दिवसभर सुताच्या कांड्या भरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थोडी थोडी धास्ती वाटून द्यायची.

गल्लीचा इतिहास तिच्याच तोंडून ऐकावा. तेलंगणातून तिचे सासरे आले तेव्हा म्हणे इथून बैलगाडी वळायची. मग घराघरात माग आले, माणसं ओट्यावर आली, ओट्यांच्या खोल्या झाल्या आणि नवे ओटे पुढे सरकले. आपला ओटा मात्र सासऱ्यांच्या हातचा, बोटभरसुद्धा पुढे आलेला नाही, हे ती रोज सांगायची. शेवटी गल्ली इतकीच उरली की माझ्या दारातून हात लांब केला तर मिठाची वाटी अव्वाच्या हातात. माझी फोडणी करपली की आधी तिला ठसका लागायचा.

रस्ता रुंद होणार असं कळलं आणि अव्वाचं जेवणावरचं मनच उडालं. "ओटा गेला तर मी बसू कुटं? आत माग हाय, सून हाय."

"अव्वा, पालिकेची रेघ ओट्याच्या अर्ध्यातून जातेय. अर्धा राहील की."

ती अर्ध्या ओट्यावर राट पुन्हा पुन्हा ठेवून बघत राहिली.

पालिकेची माणसं पाडायला आली तेव्हा मी नळावर होते. परत येते तो ओट्याच्या जागी दगडमातीचा ढीग. मुकादम मलाच म्हणाला, "इचारलं की मी. हा सगळाच मागनं वाडवलेला दिसतोय, काडू का? म्हातारीच म्हणली, काडू, काडू."

मी कपाळावर हात मारला. अव्वा जन्मभर मराठी बोलली, पण घाबरली की तेलुगूच तोंडात यायची. आणि तेलुगूत 'कादु' म्हणजे 'तसं नव्हे'. ओटा जुना आहे, एवढंच ती बिचारी सांगत होती. मुकादमाचाही चेहरा उतरला, पण पाडलेला ओटा आता कोण बांधू देणार?

राट आत मागाच्या सांदीत गेला. आमच्याही पायऱ्या गेल्या. अव्वा दारात उभी राहायची. एकदा ती काही बोलत होती, तेवढ्यात मधून टेम्पो गेला. तो गेल्यावर म्हणाली, "पोरी, रस्ता लई मोटा झाला. आता तुला बोलायचं म्हंजे वरडावं लागतंय."

ओरडणं तिला कधी जमलं नाही. पुढे पुढे ती पलीकडून नुसता हात हलवायची. काहीतरी विचारत असावी. मला ऐकू यायचं नाही. मी आपली मान डोलवायची, सगळं ठीक आहे म्हणून.