दोन भोकांची डबी

लातूरच्या आमच्या ऑफिसात कानावर हेडफोन दिसले म्हणून कुणी गप्प बसत नाही. शेजारच्या टेबलावर तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूरचे एक ज्येष्ठ क्लार्क होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ते खुशाल माझे हेडफोन काढून विचारायचे, "काय ऐकून राहिलास?" आणि स्वतःच्या डोक्यावर चढवायचे.

कॉम्प्युटरमधून गाणं खरखरत यायचं. म्हणून कॉम्प्युटर आणि हेडफोन यांच्या मधे लावायची, आवाज साफ आणि दमदार करणारी छोटी डबी घ्यायची ठरवली. तीन आठवडे वाचलं. नांदेडच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदारापेक्षा मला जास्त कळत होतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यानं सगळ्यात भारी डबी पुढं केली. आवाज खरंच लाजवाब होता. तरी मी ती परत सरकवली, कारण तिला हेडफोन लावायला एकच भोक होतं.

"साहेब, कान तर दोनच हायत तुमचे," तो म्हणाला.

"ऑफिसात चार हायत," मी म्हणालो आणि दोन हेडफोन एकदम लागतील अशी, आवाजाला जराशी कमी डबी उचलली. मग मामा तेलुगू गाणी लावायला सांगायचे आणि शब्द न कळता मीही ऐकायचो.

पुढं मामांची बदली हिमायतनगरला झाली. रिकाम्या भोकात धूळ जाऊ नये म्हणून डबीसोबत रबरी बूच आलं होतं. ते अजून पाकिटातच आहे. रोज सकाळी मी फुंकर मारून धूळ उडवतो.