पेल्याचा काठ

आमची आत्या इस्त्रीवाली. तिची जीभही इस्त्रीसारखीच चटके द्यायची. गटारं साफ करणारा एक माणूस चर्चमध्ये यायला लागला, तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते हिनंच! त्याचे कपडे तिनं दुकानातून परत पाठवले. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत घ्यायच्या द्राक्षरसाचा पेला एकच, रांगेत हातोहात फिरायचा. तो त्याच्या तोंडाला लागायच्या आत आपला घोट व्हावा म्हणून ही बाई कोपरं मारत पुढे घुसायची.

एकदा गुडघ्यानं दगा दिला आणि ती नेमकी त्याच्या मागे आली. त्यानं घोट घेतला, धुतलेला रुमाल काढून पेल्याचा काठ पुसला, पुन्हा पुसला, आणि खाली मान घालून पेला तिच्यापुढे धरला.

घरी येऊन आत्या जेवली नाही. म्हणाली, "अगं, माझी किळस तो बापडा पुसत होता. ज्याचा पेला, त्यानं कुणाला नको म्हटलं नाही. मग मी कोण टिकोजीराव लागून गेले?"

तेव्हापासून ती मुद्दाम त्याच्या मागे उभी राहायची. "पुसलास तर बघ हं!" असं दटावून प्यायची. त्याचे शर्ट सगळ्यांच्या शर्टांसोबत एकाच टेबलावर ठेवायची. गिऱ्हाइकं तुटली. चर्चमध्ये तिच्या मागे उभं राहायला कुणी तयार होईना. मग पाळकसाहेबांनी तोडगा काढला. म्हणे आरोग्यासाठी, प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास. वा रे आरोग्य! सगळे खूश झाले आणि तो माणूस एक-दोन रविवारांनी यायचा बंद झाला.

आत्या लंगडत त्याच्या खोलीवर गेली. मी सोबत होते. दारातच तो म्हणाला, "आत्याबाई, ग्लास वेगळे केले, करू देत. पण माझ्या एकट्याच्या ग्लासावर लाल ठिपका लावलाय हो."

पुढच्या रविवारी आत्यानं ट्रे निरखून पाहिला. कोपऱ्यात ठिपक्याचा ग्लास होता. तिनं तोच उचलला.

पाळकसाहेब कुजबुजले, "आत्या, तो तुमचा नव्हे."

"माझाच आहे," म्हणाली आणि प्यायली. मला रडू आवरेना.

परतताना ती त्याच्या खोलीवर जाऊन सांगून आली, "आता आपण दोघं आहोत, ये रे बाबा."

त्यानंतरच्या रविवारी ट्रेमध्ये लाल ठिपक्याचे दोन ग्लास होते. आत्यानं एक घेतला. दाराकडे बघत ती कितीतरी वेळ उभी होती. दुसरा ग्लास शेवटपर्यंत भरलेलाच राहिला.